पोटात गेली तरी चालेल

माझ्या मुलाने कपाटाला कुलूप लावलं तो रविवार होता. तो पाण्याच्या खात्यात मीटर तपासतो, त्यामुळे ड्रिल, स्क्रू, कडीकोयंडा असलं सामान त्याच्या पिशवीत कायमच असतं. अर्धा तास त्याची खुडबुड चालली होती आणि मी शेजारी बसून बटाटे सोलत होते. शेवटी त्याने कुलूप दोनदा ओढून बघितलं, एक किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली, दुसरी सुनेच्या हातात ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला काही लागलं तर हिला सांग."

घरात माणसं तीन आणि किल्ल्या दोन. एवढी वजाबाकी मला येते. बरं, कपाटात होतं तरी काय? तांदूळ, मक्याचं पीठ, साखर, मीठ आणि तिच्यासाठी लांबून मागवलेली बिस्किटांची दोन पाकिटं. तांदळाला कुलूप लावणारं आमचं बहुधा पहिलंच घर असेल.

सून खाली मान घालून उभी होती. तिने ती किल्ली मुठीत धरली आणि आत निघून गेली. कुलपाचं मला फारसं काही वाटलं नाही, पण ती मूठ मनात राहिली.

माझ्या सुनेला सिलिअॅक आहे. दोन वर्षांपूर्वी हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला ते एखाद्या गोंदाचं नाव वाटलं होतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सगळं सांगेन. गव्हात आणि बार्लीत ग्लूटेन नावाचं चिकट द्रव्य असतं. ते पोटात गेलं की तिचं शरीर तिच्याच आतड्यावर उलटतं आणि आतलं अस्तर झिजवत जातं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, रक्त कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. ही ॲलर्जी नव्हे, नखरे तर नव्हेतच. औषध एकच, ते पीठ जन्मभर पोटात जाऊ द्यायचं नाही. अगदी कणभरही नाही. आणि ते जातंय की नाही हे रक्तातल्या एका आकड्यावरून कळतं. आकडा वीसच्या आत हवा. तिचा पहिला आला होता एकशे ऐंशी. सहा महिन्यांनी सत्त्याण्णव झाला, मग अठ्ठ्याऐंशी, आणि त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी परत वर सरकून एक्क्याण्णव.

माझ्या मुलाचा आकड्यांवर फार विश्वास. "मीटर फिरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय," असं तो नेहमी म्हणतो. इथे मीटर फिरत होता. आणि चोर घरातलाच असणार असं त्याने ठरवलं होतं.

तसं त्याने का ठरवलं तेही सांगून टाकते. लपवण्यात अर्थ नाही.

आजार कळून तेव्हा तीन महिने झाले होते. घरात पाव येणं बंद झालं होतं, भांडी वेगळी झाली होती, चमच्यांना लाल टेप लावली होती. मला ते सगळं अतीच वाटायचं. चिमूटभर पीठ ते काय, आणि त्याचा एवढा बाऊ? एक दिवस सूप पातळ झालं. फेकायला काढलेल्या डब्याच्या तळाशी थोडा मैदा होता, तो मी चमचाभर फेटून सुपात घातला. सूप पातळ झालं हे निमित्त. मला बघायचं होतं. तिला न सांगता दिलं तर खरंच काही होतं का, एवढंच मला बघायचं होतं.

"आई, आज सूप मस्त झालंय," ती म्हणाली आणि तिने आणखी अर्धी वाटी मागून घेतली.

तीन तासांनी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. चार दिवस ती अंथरुणातून उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा हात हातात घेतला तर तो कागदासारखा हलका लागला. चौथ्या दिवशी मीच कबूल केलं. मुलाच्या हातात तिच्या कपाळावरचं ओलं फडकं होतं. ते त्याने बादलीत टाकलं आणि म्हणाला, "तू माझ्या बायकोवर प्रयोग केलास."

सुनेने मला माफ केलं. मुलाने नाही केलं. मी स्वतःलाही नाही केलं, पण ते कोण विचारतंय. त्या दिवसापासून मी वरच्या घरात गव्हाचा कण आणलेला नाही. पण एकदा हात काळे झालेल्या माणसाची शपथ कोण मानणार? आकडा खाली येईना, तसे दोघं माझ्या हातांकडे बघायला लागले.

वरचं घर म्हणते, कारण खाली आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तर एक लांब खोली, दोन टेबलं, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, कापायचं यंत्र, आणि कागद, कापड, पुठ्ठा, दोरा. चाळीस वर्षं मी तिथे काम करतेय. आमचे हे होते तोवर दोघं करायचो, ते गेल्यावर एकटी करत होते. मुलाला त्यात कधी रस नव्हता. त्याला खळीचा वास आवडत नाही.

सून पहिल्यांदा आली ती वाचनालयाची फाटकी पुस्तकं घेऊन. तेव्हा ती तिथे नोकरीला होती. पुस्तकं टाकून निघून जायच्या ऐवजी ती स्टूल ओढून बसली आणि तासभर माझ्या हातांकडे बघत राहिली. पुढच्या खेपेला म्हणाली, "मला शिकवाल?" मुलाला ती नंतर दिसली, आधी ती माझी होती. तिच्या बोटांना कागद कळतो. कुठल्या अंगाने तो मुडपेल, किती ओलं सोसेल, हे तिला सांगावं लागत नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी तिला माझी हाडाची पट्टी दिली.

बांधणीत ही पट्टी म्हणजे आमचा तिसरा हात. वीतभर लांब, बोटभर रुंद, घासून घासून गुळगुळीत केलेली. घडी दाबायला, कापड पुठ्ठ्यावर बसवायला, खाली अडकलेली हवा बाहेर काढायला ती लागते. खळ लावलेलं कापड पुठ्ठ्यावर टाकलं की दोन्ही हात त्यात गुंततात. तेवढ्यात पट्टी शोधत बसलात तर खळ सुकते आणि कापडाला सुरकुती पडते. म्हणून पट्टी दातात धरायची. ह्यांनी मला तसं शिकवलं आणि मी तिला. त्या पट्टीच्या मधोमध माझ्या दातांनी दोन बारीक खळगे पडले आहेत. तिला देताना मी म्हटलं होतं, "तुझेही पडतील." ती इतकी हरखली होती, की कुणी सोनं दिलं असतं तरी एवढी हरखली नसती.

खळ आम्ही रोज सकाळी ताजी शिजवतो. मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात न थांबवता ढवळायचं. बाकीचे लोक कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. मोरचूद म्हणजे विषच. आमच्या ह्यांनी ते कधी घालू दिलं नाही. "पट्टी आपल्या तोंडात जाते," ते म्हणायचे. "आपली खळ पोटात गेली तरी चालेल अशी पाहिजे." म्हणून आम्ही त्यात चार थेंब लवंगेचं तेल घालतो. त्या वासाने कीड फिरकत नाही आणि माणसाला अपाय होत नाही.

तर एक्क्याण्णवचा कागद आला त्या शुक्रवारी आम्ही तिघंही डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. चांगल्या बाई आहेत, घाई करत नाहीत. त्यांनी वही उघडली आणि एकेक विचारायला लागल्या.

"काकू, स्वयंपाक कोण करतं?"

"आम्ही दोघी मिळून," मी म्हटलं. मुलगा खिडकीतून बाहेर बघायला लागला.

"बाहेरचं काही? औषधं, टॉनिक?"

"औषधांच्या गोळ्यासुद्धा कंपनीला विचारून घेतो," मुलगा म्हणाला. "टूथपेस्ट बदलली. ओठांना लावायची लालीसुद्धा फेकून दिली. तोंडात जाईल असं घरात काही सोडलेलं नाही."

"आणि काम काय करता तुम्ही?" त्यांनी सुनेला विचारलं.

"पुस्तकं बांधते."

"अरे वा. छान." त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं. मला उलटं वाचता येतं, छापखान्याच्या लोकांत दिवस काढलेत. त्यांनी लिहिलं होतं, बैठं काम.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा आकडा एव्हाना उतरायलाच हवा होता. याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे कुठून तरी ग्लूटेन जातंय. बहुतेक वेळा तेच असतं, आणि बहुतेक वेळा घरच्यांना ते सापडतं. दुसरं म्हणजे पथ्य पाळूनही आतडं भरून येत नाहीये. तसं असेल तर मग आत दुर्बीण घालून नीट बघावं लागेल, गाठ वगैरे काही नाही ना ते. आपण तीन महिने बघू. घर परत एकदा पिंजून काढा."

गाठ हा शब्द त्यांनी 'वगैरे' लावून अगदी सहज म्हटला. परतताना सून मधे चालत होती. नेहमी ती माझा दंड धरते. त्या दिवशी तिने दोन्ही हात खिशात घातले होते.

घर पिंजून काढलं. कुलूप लागलं. मुलाने कपाटामागची भिंतसुद्धा ओल्या फडक्याने पुसली. खाली कारखान्यात मात्र तो आला नाही, आणि यावं असं आम्हा दोघींच्याही मनात आलं नाही. खालचं मैद्याचं पिंप पुठ्ठ्यांच्या थप्पीशेजारी उभं असतं, त्यावर ह्यांच्या अक्षरात 'खळ' लिहिलंय. तो काही खायचा मैदा नव्हता. आमच्या लेखी ते सामान होतं, जसा दोरा तसं ते.

दिवसेंदिवस ती वाळत चालली. केस गळत होते. सकाळी खळ गाळताना गाळणीत तिचा एखादा लांब केस निघायचा, तो मी गुपचूप पुसून टाकायची. तिच्या तोंडात फोड आले होते. पट्टी दातात धरताना तिचा एक डोळा बारीक व्हायचा, एवढं मला दिसायचं. मी म्हणायची, "राहू दे आजच्या दिवस." ती मान हलवायची. पट्टी दातात असताना बोलता येत नाही.

एका दुपारी फार उकडत होतं म्हणून मी तिला लिंबाचं सरबत करून दिलं. लिंबू, पाणी, साखर. साखर तिच्याकडून कुलूप उघडून घेतलेली. तिने पेला हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि हुंगला. नकळत हुंगला असावा, कारण लगेच तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. "नंतर पिते हं, आई," ती म्हणाली. संध्याकाळी तो पेला मोरीत पालथा सापडला. बाजूला सरबताचा ओघळ होता, त्यावर मुंग्या.

ती माझ्यावर चिडली असती, तोंडाला येईल ते बोलली असती, तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. माझी जीभ काही लहान नाही. पण ती चिडली नव्हती, मला घाबरली होती. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवत नाही हे मला कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे खोली भाड्याने घेतली. नवी भांडी, नवी शेगडी, ते कुलपाचं कपाटही उचलून नेलं. सामान गाडीत चढल्यावर मुलगा परत वर आला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. मला फक्त एक गोष्ट वजा करून बघायची आहे."

गळती शोधताना तो असंच करतो. एकेक नळ बंद करत जातो आणि मीटर थांबतो का बघतो. मी त्यातला एक नळ होते.

"आणि मीटर थांबला, तर?" मी विचारलं.

"मग मला तुझ्याकडे यायला वेळ लागेल, आई," तो म्हणाला.

काम मात्र चालूच राहिलं. वाचनालयाच्या तळघरात पाइप फुटला होता आणि चारशे पुस्तकं भिजून आली होती, तिच्याच जुन्या वाचनालयाची. तिने नाही म्हणणं शक्यच नव्हतं. सकाळी नऊला यायची ते सहापर्यंत. स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. डबा खिडकीत ठेवायची, मी त्याच्या आसपासही फिरकायची नाही. पहिल्या दिवशी आम्ही दोघी परक्यासारख्या काम करत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिने एका ओल्या पानात चिकटलेली जुनी बसची तिकिटं मला दाखवली आणि आम्ही हसलो.

"घरी सारखी धाकधूक असते," ती एकदा म्हणाली. "प्रत्येक घास तोंडात घालताना जीव घाबरतो. इथे आलं की बरं वाटतं. इथे खायचा प्रश्नच नाही."

मला इतकं बरं वाटलं ते ऐकून. मी मनाशी ठरवलं की निदान इथे तरी तिला काही कमी पडू द्यायचं नाही. खळ मी आणखी मऊ शिजवायला लागले, दोनदा गाळायला लागले. मैदा पिंपातून काढताना त्याचा धुरळा उडतो, सकाळच्या उन्हात तो बराच वेळ तरंगत असतो. ती नाकाला हात लावायची तर मी खिडकी उघडायची. तिच्या डब्याला मी अडीच महिन्यांत एकदाही हात लावला नाही. खळीचं भांडं मात्र रोज मीच तिच्यापुढे ठेवत होते.

वाचनालय आणखी पुस्तकं पाठवत गेलं, तशी ती तासही वाढवत गेली. कधी कधी दिवसाला चाळीस कव्हरं बसवायची. संध्याकाळी घरी निघताना दारातल्या पायऱ्या कठड्याला धरून उतरायची. वजन अजून दोन किलो उतरलं होतं, हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं मी पाहिलं.

ज्या दिवशी रिपोर्ट यायचा त्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून कामाला जुंपलो होतो. मी दोनदा खळ करपवली. चाळीस वर्षांत माझी खळ कधी करपली नव्हती. मनात एकच घोळत होतं, आकडा उतरू दे. आणि लगेच त्याच्या पोटातून दुसरा विचार यायचा, की उतरला तर मीच चोर ठरणार. काहीही न करता. उतरू दे, मी म्हणत होते, मी ठरेन चोर. पण हे मी दर वेळी पूर्ण मनाने म्हणत होते असं नाही. खोटं कशाला सांगू?

दुपारी मुलगा आला, खात्याच्या गणवेशात, कामावरून तसाच. दारातच उभा राहिला. सून कव्हर बसवत होती. दोन्ही हात ओल्या कापडात, पट्टी दातात. तिने फक्त भुवया वर केल्या.

"एकशे बारा," तो म्हणाला.

तो पुढे आला, पण तिच्याकडे नाही, माझ्याकडे. जुडग्यातून त्याने कपाटाची किल्ली सोडवायला घेतली. त्याची नखं कडीत अडकत होती.

"आई," तो म्हणाला. "तू नव्हतीस." किल्ली त्याने माझ्यापुढे धरली. "अडीच महिने तुझ्या हातचं तिच्या पोटात काही गेलं नाही, तरी वाढला. तू नव्हतीसच. मी... मी बोलायला नको होतं."

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते, पण तसंच झालं. मला आनंद झाला. माझी सून समोर हाडांचा सापळा होऊन उभी होती, आकडा एकशे बारा होता, आणि माझ्या छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा तसं मला हलकं वाटलं. मी किल्ली घ्यायला हात पुढे केला. आणि घेता घेता, तिलाही कळू दे की मी नव्हते, म्हणून मी तिच्याकडे पाहिलं.

ती माझ्याकडेच बघत होती. डोळे भरले होते, आणि तिला मान हलवून काहीतरी सांगायचं होतं. बोलता येत नव्हतं, कारण पट्टी दातात होती. पट्टीच्या कडेला ओली खळ लागली होती. तिचा एक थेंब ओघळून तिच्या खालच्या ओठावर आला. तिने तो जिभेने आत घेतला. सवयीने. मीही चाळीस वर्षं तसाच घेत आले.

माझा हात तसाच हवेत राहिला.

"काढ ती," मी म्हणाले.

तिला कळेना. मी टेबलाला वळसा घालून गेले आणि पट्टी तिच्या दातांतून काढून घेतली. जोरात ओढली असावी, कारण तिने तोंडाला हात लावला. मी ती पट्टी माझ्या जिभेला लावली. आधी लवंग लागली, मग तिच्यामागे पीठ. साधं, शिजलेलं, मऊ पीठ. त्या सुपातलं.

"काय करतेस तू?" मुलाने विचारलं.

"खळ कशाची असते, ठाऊक आहे तुला?"

तो पिंपाकडे बघायला लागला. वडिलांच्या अक्षरातला तो शब्द त्याने लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे कधी वाचलाच नसावा. त्याने झाकण उघडलं आणि आत हात घातला. हात कोपरापर्यंत पांढरा होऊन बाहेर आला. मग तो वळला आणि बायकोला अगदी हळू विचारलं, जसं तो लोकांना विचारतो, नळ केव्हापासून गळतोय म्हणून.

"दिवसातून किती वेळा धरतेस ती दातात?"

"एका पुस्तकाला चार-पाचदा," ती म्हणाली. "चाळीस पुस्तकं झाली तर..." आणि तिथेच थांबली. ती मोरीपाशी गेली, नळ सोडला आणि चूळ भरायला लागली.

मुलाने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, त्याचंच येत होतं. हो, रोज. हो, तोंडात. सहा वर्षं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "कारण हेच असेल, असं म्हणतात. आजपासून बंद करा, म्हणतात. हवेतलं पीठसुद्धा घशातून उतरतं. तिला इथे येऊच देऊ नका." त्याने चेहरा पुसला, तर चेहऱ्याला मैदा लागला. "पण इतके दिवस गेलेत की आता वाट बघायची नाही. दुर्बीण गुरुवारीच घालायची. गाठ नाही ना ते बघायचंच."

"सापडलं ना पण कारण?" मी म्हटलं. "मग आता उतरेल ना?"

तो हातावरचा मैदा झटकत राहिला.

मोरीतून तिचा आवाज आला. पाण्यामुळे नीट कळत नव्हता. "मी इथे बरं वाटायला यायचे, आई."

मी पट्टी उजेडात धरली. मधोमध माझे दोन खळगे होते. त्यांच्या बाजूला, थोडे वर, आणखी दोन उठायला लागले होते, अगदी फिकट, बोट फिरवलं तरच कळतील असे. दोन वर्षं सगळे माझ्या हातांकडे बघत होते आणि बरोबर बघत होते. एका चमच्यासाठी मी स्वतःला माफ केलं नव्हतं, आणि रोज सकाळी भांडंभर शिजवून तिच्यापुढे ठेवत होते. प्रेमाने ठेवत होते. विष नको म्हणून जपून, गाळून, लवंग घालून.

मुलाने किल्ली परत माझ्यापुढे केली. त्याला दुसरं काय करावं ते सुचत नसावं.

"ती ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं. "आणि जाऊन एक मोठं कुलूप घेऊन ये. खालच्या या दाराला लाव. त्याची किल्ली तिला देऊ नकोस आणि मलाही देऊ नकोस."

तो गेला. मी शेगडी बंद केली आणि पिंपाचं झाकण लावलं. मागे नळ वाहतच होता. ती अजून तोंड धूत होती.